उशिराची पाटी

ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, तो माणूस पाऊस थांबल्यावर छत्री उघडत नाही. ठवकर सरांनी उघडली — आणि तीही मला पाहून!

१९७४ सालचा जुलै. मी नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळातून शिंप्याकडचे ब्लाऊज घेऊन निघाले होते. पाऊस नुकताच थांबला होता, पन्हाळीतून थेंब ठिबकत होते. समोरच्या कौलारू घरातून आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर, वसंत ठवकर, बाहेर पडले. मागे दारात एक तिशीची बाई उभी होती. नाकीडोळी नीटस, कपाळ मोकळं. ती हसून म्हणाली, "गुरुवारी या बरं, सर."

सरांनी मला पाहिलं. झटकन छत्री उघडली आणि तोंड झाकून माझ्या बाजूने निघून गेले... पण त्या छत्रीला भोक होतं. भोकातून त्यांचा एक डोळा माझ्याकडे बघत होता, हे मला स्पष्ट दिसलं.

आता माझ्याबद्दल सांगते. मी सुभद्रा भोयर, महापालिकेच्या शाळेत पाचवीची वर्गशिक्षिका, वय पंचवीस, बाप पोलिसात हवालदार. आमच्या घरी दूधवाल्यालासुद्धा "काल कुठे होता?" असं विचारल्याशिवाय दूध घेत नाहीत. त्यात दोन वर्षांपूर्वी माझं भंडाऱ्याचं एक स्थळ जमलं होतं. सुपारी फुटायची तेवढी राहिली, आणि बाबांनी शोधून काढलं की नवरदेवाची पहिली बायको जिवंत आहे आणि स्वयंपाकही उत्तम करते. तेव्हापासून गोड बोलणारा पुरुष दिसला की मी आधी त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघते.

आणि ठवकर सर फार गोड बोलायचे! माझी साडी नुसती हिरवी नसायची, "कच्च्या आंब्याची" असायची. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात मी त्यांना गाठलंच.

"काल महालात होते तुम्ही."

"मी?... नाही बा."

"छत्रीला भोक आहे तुमच्या."

त्यांचे कान लाल झाले. मग हसले. "मंग असं म्हणा ना, बाई, का मी भोकातून तुमच्याकडे पाहून राहिलो होतो."

"विषय बदलू नका."

"विषय तं तोच आहे. तुमीच बदलून राहिल्या."

मला हसू आलं, ते मी दाबलं. हसून चौकशी होत नाही. गुरुवारची मी वाट बघायची ठरवली.

पण गुरुवार यायच्या आधीच शाळेत ते घडलं.

आमच्या शाळेत उशिराची पाटी होती. हेडमास्तर चंपतराव सरांना तिचा मोठा अभिमान होता. "छडी नाही, मार नाही, नुसती पाटी!" असं ते पाहुण्यांना सांगायचे. उशिरा आलेल्या मुलाच्या गळ्यात दोरीने पाटी अडकवायची, तिच्यावर खडूने 'उशिरा' लिहायचं, आणि कवडू शिपायाने त्याला सगळ्या वर्गांतून फिरवायचं. पोरं टाळ्या वाजवून ओरडायची, "उशिरा! उशिरा!" बहुतेकांना त्यात गंमतच वाटायची. एकदोघं तर त्यासाठी मुद्दाम उशिरा यायची.

माझ्या वर्गातली गोपिका कधी उशिरा आली नव्हती. दहा वर्षांची, काडीसारखी पोर, नेहमी भिंतीला पाठ लावून बसणारी. त्या बुधवारी पावसात अडकली आणि तिला उशीर झाला. कवडूने पाटी घातली तेव्हा ती नुसती ताठ झाली. पण पहिल्याच वर्गात टाळ्या सुरू झाल्या आणि ती अशी किंचाळली की माझ्या हातातला खडू पडला. तिने पाटी जमिनीवर आपटून फोडली, कवडूच्या मनगटाला रक्त येईपर्यंत चावली आणि पळाली.

सापडली ती ड्रॉइंगच्या खोलीत, कपाटामागे. मी पोचले तेव्हा ठवकर सर तिच्यापासून चार हात दूर जमिनीवर बसून कागदावर बैल काढत होते. तोंडातून शब्द नाही. मी पुढे झाले तर हळूच म्हणाले, "हात नका लावू तिले. आपून होऊन येईन."

आणि ती आली! तासाभराने आली, बैलाची शिंगं रंगवायला. मी चकित झाले... आणि लगेच सावध. यांना कसं ठाऊक? एवढ्यात मुलीला न्यायला तिची मावशी आली. कांताबाई. महालातल्या दारातली तीच बाई!

झालं. हिशोब जुळला. मावशीची मर्जी मिळवायला भाचीचे लाड. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आणि ते का वाटलं नाही, याचा मला स्वतःचाच संशय आला.

दुसऱ्या दिवशी चंपतराव सरांनी स्टाफरूममध्ये निकाल दिला. "सोमवारी प्रार्थनेला ती पोरगी सगळ्या शाळेसमोर पाटी घालून उभी राहीन आणि कवडूची माफी मागीन. नाही तं दाखला हातात. शिस्त म्हणजे शिस्त."

ठवकर सर उभे राहिले. "पाटी सोडून काहीही शिक्षा द्या, सर."

"काहून?"

"ते... सांगता येत नाही."

"कारण महालात राहतं," माझ्या तोंडून निघून गेलं.

सगळे हसले. ठवकर सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते दुखावले होते, आणि मान खाली घालून खोलीबाहेर गेले.

ती नजर मला रात्रभर झोपू देईना. शनिवारी शाळा सुटल्यावर मी थेट महालातल्या त्या दारात उभी राहिले. कांताबाई सुपात तेंदूची पानं घेऊन बिड्या वळत होत्या.

"ठवकर सर इथं काहून येतात?" मी सरळच विचारलं.

त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि गालात हसल्या. "कच्च्या आंब्याच्या साडीवाल्या बाई तुमीच का वं?"

माझे कान तापले. "मी विचारलं त्याचं उत्तर द्या."

"बसा मंग. मी त्याइले राखी बांधते, हे पहिलं आयका. बाकीचं मंग सांगते." त्यांनी दार ओढून घेतलं. गोपिका शेजारी खेळायला गेली होती, तरी त्यांचा आवाज खाली आला. "चार वर्सं झाली. माही बहीण आन् तिचं तान्हं पोर, दोघंही काविळीनं गेले, एकाच पंधरवड्यात. पोरीची आजी म्हणे, हे पोरगी पांढऱ्या पायाची. खाऊन बसली दोघाईले. मंग पोळा आला. दुसऱ्या दिवशी मारबत..."

नागपुरात राहून मारबत कोणाला ठाऊक नाही? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, पीडेचे बाईच्या रूपातले दोन पुतळे. मागून बडगे, कागदाचे आणि बांबूचे मोठाले पुतळे, गळ्यात पाट्या अडकवलेले. सगळं शहर टाळ्या पिटत ओरडतं, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" लहानपणी मीही बाबांच्या खांद्यावर बसून ओरडले आहे.

"आजीनं पोरीच्या तोंडाले काजळ फासलं," कांताबाई म्हणाल्या. "गळ्यात पुठ्ठा बांधला. आन् गल्लीतले पोट्टे मागं लावून दिले. सहा वर्साची होती वं ती. सारी गल्ली टाळ्या वाजवून हसून राहिली होती. कोपऱ्यावर ठवकर सर बडग्याले रंग देत बसले होते. त्याइनं पुठ्ठा तोडला, पोरीले उचललं आन् पत्ता विचारत माह्या दारी आणलं. तवापासून जिलबी घेऊन येतात गुरुवारी. एवढंच."

टाळ्या. गळ्यातली पाटी. मागून ओरडणारी पोरं. आम्ही शाळेत छडी न मारता तिला पुन्हा मारबत केलं होतं!

"मग शाळेत सांगितलं काहून नाही त्यांनी?"

"मीच शपथ घातली. मास्तराइले समजलं का पोराइले समजते. मंग तेच नाव पडीन तिले जन्मभर."

रविवारी मी चंपतराव सरांच्या घरी गेले. कांताबाईंची परवानगी काढून गेले, एकट्या त्यांनाच सांगायची. बडग्यांच्या पाट्या लिहायची त्यांना भारी हौस. ओसरीवर बसून यंदाचा मजकूर जुळवत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"जित्या पोरीच्या गळ्यात?"

"घरच्यांनीच, सर."

त्यांनी पाटीचा मजकूर लिहिलेला कागद उलटा घातला. मग म्हणाले, "मार वाचावा म्हणून मी पाटी सुरू केली होती, भोयर बाई." आवाज पार म्हातारा वाटला. "पण सोमवारी सांगू काय? लोक विचारतीन, काहून बदललं."

"पाटी फुटली, नवी आणायची नाही, एवढंच सांगा. चावली ते चुकलंच, कवडूची माफी ती मागेल. सगळ्यांसमोर नाही, एकटी. आणि कोणी जास्त विचारलं तर माझ्याकडे पाठवा. उलट चौकशी करायची सवय आहे मला."

सोमवारी प्रार्थना सुरू झाली. गोपिका नव्हती. ठवकर सर फाटकाकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. प्रार्थना संपता संपता ती फाटकात दिसली — उशिरा! पाऊल आत टाकेना. सगळ्या शाळेच्या माना वळल्या, आणि सवयीने पोरांचे हात टाळीसाठी वर आले.

"हात खाली!" चंपतराव सर गरजले. "उशिराची पाटी आता बंद. जो टाळी वाजवीन, त्याची गाठ माह्याशी."

वर आलेले हात खाली गेले. मी फाटकापाशी गेले. हात लावला नाही. "मी वर्गात जाऊन राहिली, गोपिका. येतेस?"

तिने माझे दोन्ही हात नीट पाहिले, पाठीमागे काही लपवलंय का म्हणून. मग माझ्यापासून चार हात अंतर ठेवून चालू लागली. दुपारी कवडूकडे गेली, तेव्हा तो पट्टी बांधलेलं मनगट दाखवून म्हणाला, "दात मजबूत आहेत वं तुहे. ऊस खात जा." तिच्या ओठांवर पहिल्यांदा काहीतरी हललं.

शाळा सुटली. ठवकर सर व्हरांड्यात ब्रश धूत होते.

"त्या दिवशी मी बोलायला नको होतं," मी म्हटलं.

"बोलल्या म्हणजे माह्यावर नजर होती तुमची." ब्रश झटकत ते म्हणाले, "मले तं बरंच वाटलं... दोन दिवसांनी."

"नजर नव्हती. संशय होता."

"आता आहे का?"

"थोडा. पहिली बायको आहे का?"

"नाही."

"दुसरी?"

"पहिलीचीच मारामार आहे, बाई. तेच विचारायले तुमच्या बाबाकडे येऊ म्हणतो."

हो म्हणायचं होतं, पण तोंडून निघालं ते एवढंच — "बघू." आमच्या घराण्यात एका चौकशीवर कोणाला सोडत नाहीत.

मग पोळा आला. मारबतीच्या दिवशी कांताबाई दारंखिडक्या लावून गोपिकेला आत घेऊन बसायच्या, ढोल तरी ऐकू यायचाच. मी सुचवलं, आपण तिला रामटेकला नेऊ. वसंतरावांनी त्या वर्षी बडग्यांना हात लावला नाही. सकाळी लवकर आम्ही तिघं एस.टी.त बसलो. गोपिका खिडकीशी, मध्ये मी, कडेला ते. बाहेर भिजलेली हिरवी शेतं, त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता, आणि मी तो लागू देत होते.

कामठी मागे पडली. कन्हानचा पूल आला. गोपिका मागे पडणारी घरं बघत होती. अचानक माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "बाई... गाव संपलं?"

"हो, संपलं."

"मंग मले वापस आणसान ना?"

वसंतरावांचा चेहरा पांढरा पडला. माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. मारबतीला गावाबाहेर नेतात. आणि बाहेरच जाळून टाकतात, परत कोणी आणत नाही. आम्ही दोघं शिकलेले, शहाणे, मायेने वेडे झालेले — नेमक्या त्याच दिवशी तिला गावाबाहेर घेऊन निघालो होतो!

"कंडक्टर, थांबवा!" मी ओरडले. आख्खी गाडी माझ्याकडे बघायला लागली. "उतरायचं आहे आम्हाला."

पुलापलीकडे आम्ही उतरलो. परतीच्या गाडीला वेळ होता, रिमझिम सुरू झाली होती. वसंतराव चिखलात गुडघ्यावर बसले. "चुकलो गा, गोपे. मी विसरलोच. आपण आत्ताच वापस जाऊ. नागपूर तुहं आहे. तुले कोणी बाहेर काढत नाही."

तिने त्यांना बघितलं, मला बघितलं. अजून विश्वास बसत नव्हता, आणि का बसावा? परतीच्या गाडीत ती दरवाजाजवळच बसली. नागपूरच्या वेशीवरची इंदोऱ्याची घरं दिसायला लागली तशी तिची मूठ सैल झाली आणि तो छोटा, घामेजलेला हात माझ्या हातात आला. मी दुसरा हात वसंतरावांच्या हातात दिला. त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं.

"बाबा रविवारी घरी असतात," मी म्हटलं. "माझा जीव जडलाय तुमच्यावर, हे आधीच सांगून ठेवते. त्यांच्यासमोर बोलता यायचं नाही मला."

"खरं?..."

"आता तुम्ही संशय घेणार का?"

महालात ढोल वाजत होते. कांताबाईंचं दार बंद होतं. गोपिका आमचे हात सोडून पुढे धावली, तिने दार बडवलं, आणि आतून कडी निघायच्या आधीच ढोलांपेक्षा मोठ्याने ओरडली, "मावशी! वापस आणलं वं मले! यायनं वापस आणलं!"