वर ओढाढू नका

"वर ओढाढू नका!" खंड्या म्हणाला.

शर्वरी चमकून त्याच्याकडे वळली. ओढा, की ओढू नका?

दोन हजार एकसष्ट सालातली ती दुपार होती. देवगडपासून दूर, भर समुद्रात त्यांची संशोधन-नौका उभी होती. शर्वरीची आई पाणडबीत बसून तळाशी उतरली होती आणि डबीचा दोर खडकात अडकला होता. अडकलेला दोर ओढला तर तुटणार. न ओढावा तर डबीत हवा जेमतेम वीस मिनिटांची. आईचे निरोप वर येत, खंड्या हा यंत्रमानव ते वाचून दाखवी. पण तिला उलट विचारायचं यंत्र नेमकं बंद पडलेलं.

"नाना, करा ना काहीतरी!"

तिच्या शास्त्रज्ञ आजोबांनी खंड्याची स्मृती पडद्यावर उघडली. एकेका घरात एकेक अक्षर.

"मघाचा निरोप होता 'अजून ओढू नका'. मोकळ्या जागा धरून नऊ घरं. नवा निरोप त्याच घरांत येऊन बसला. त्याची लांबी आलीय पाच."

शर्वरीने बोटांवर मोजलं. "वर ओढा! म्हणजे पुढचं 'ढू नका' शिळं आहे?"

"तसंच दिसतंय. थांबायचं कुठे, हे मी घाईत खंड्याला सांगितलंच नाही. त्याला दोन इटरेटर (अक्षरांच्या ओळीतलं घर दाखवणाऱ्या खुणा) देऊ. पहिली खूण वाचत वाचत पुढे सरकेल. शेवटाच्या खुणेशी पोचली, की बंद."

शर्वरीने घाईघाईने शेवटाची खूण पाचव्या घरावर ठेवली.

"वर ओ," खंड्या म्हणाला.

"'ढा' कुठे गेला?" ती रडकुंडीला आली. मग थबकली. "खूण भेटली की तो थांबतो, तिथलं वाचतच नाही! मग शेवट शेवटच्या अक्षरावर नाही, त्याच्या पुढच्या घरावर हवा."

तिने खूण सहाव्या घरावर सरकवली.

"वर ओढा."

म्हणजे आईने खाली दोर सोडवला होता. नानांनी दोर ओढणाऱ्या यारीची कळ दाबली. दोर ताणला, करकरला... आणि सरसर वर येऊ लागला.

डबीचं झाकण उघडताच शर्वरी आईला बिलगली. तरी मनातली धाकधूक जाईना.

"नाना, निरोप आलाच नसता तर?"

"तर दोन्ही खुणा पहिल्याच घरावर. वाचायला काही नाही, म्हणून खंड्या गप्प."

आईने तिचे केस कुरवाळले. "पुढच्या खेपेला आणखी खोल जायचंय गं. निरोपही लांबलचक असतील."

"जा खुशाल," शर्वरी कळफलक पुढे ओढत म्हणाली. "पण आधी खंड्याचं वाचन मी तपासणार. लहान निरोप, मोठे निरोप, रिकामेसुद्धा. मगच दोर सुटेल."