मुखवट्याची गाठ

हायासेच्या गढीवर पहाट उगवली ती धुक्यातून. खालची नदी दिसत नव्हती, पैलतीरावरची शत्रूची छावणी दिसत नव्हती. दिसत होती ती तटावरच्या पहारेकऱ्यांच्या भाल्यांची टोके आणि आतल्या चौकातल्या नाट्यमंडपाचे सालींनी शाकारलेले छप्पर. पाच महिन्यांचा वेढा आज उठणार होता. शत्रूचे वकील गढीत दाखल झाले होते, तहावर मोहोर उमटण्याआधी रिवाजाप्रमाणे नोह नाटकाचा, म्हणजे मुखवटे घालून गाण्या-नाचण्याचा, प्रयोग व्हायचा होता, आणि गढीचे धनी कुरोइवा नागाहिसा यांनी कारभारी तोनोमुरा यांच्या आग्रहावरून आपली बैठक समोरच्या दालनातून हलवून थेट रंगमंचाच्या पायऱ्यांशी मांडली होती. वकिलांचा मान राखावा म्हणून, असे कारभाऱ्यांचे म्हणणे होते.

गेनसाईला ही बैठक मुळीच आवडली नाही. पण त्याला कोण विचारतो? तो पाठराखा होता. नोह नाटकात प्रमुख नटाच्या मागे, साध्या काळ्या वस्त्रात, एक जाणता नट प्रयोगभर बसून असतो. नटाची बाही सावरायची, हत्यार हाती द्यायचे, आणि नट चुकून कोसळलाच तर त्याच पावलापासून, मुखवट्याशिवाय, नाटक पुढे न्यायचे, हे त्याचे काम. प्रेक्षक त्याच्याकडे पाहत नाहीत; तो तिथे नाहीच असे धरून चालतात. गेनसाईने एके काळी स्वतः मुखवटे गाजवले होते. गेली बारा वर्षे तो आपला शिष्य मासाझुमी याच्या पाठीशी असा नसल्यासारखा बसत होता.

रंगमंचामागच्या आरशाच्या खोलीत त्याने मासाझुमीला वेष चढवला. मासाझुमीची सात वर्षांची मुलगी सायो दर प्रयोगाला तिथे कोपऱ्यात बसून असे. आज कोपरा रिकामा होता.

“सायो कुठे आहे?” गेनसाईने विचारले.

“ताप आहे, गुरुजी. कारभारीसाहेबांनी आपल्या घरी नेले आहे. त्यांचे वैद्य पाहताहेत.”

गेनसाईच्या कपाळाला आठी पडली. नोहच्या गाण्याला ‘म्हाताऱ्यांचे कण्हणे’ म्हणणारा तोनोमुरा नटाच्या पोरीसाठी वैद्य बोलावतो? पण तोवर मासाझुमीने रणात पडलेल्या योद्ध्याचा मुखवटा दोन्ही हातांनी उचलून कपाळाशी नेला होता. त्याने मुखवट्याला वंदन केले, गेनसाईने मागे गाठ बांधली, आणि आता रिवाजाप्रमाणे त्याच्याशी कुणी बोलायचे नव्हते. मुखवट्याखाली माणूस उरत नाही, असे मानणारी ही मंडळी.

तेवढ्यात कारभाऱ्यांचा एक शिपाई तलवार घेऊन आला. “तहाच्या मानाची नवी तलवार. आज हीच वापरावी, असा हुकूम आहे.”

पाठराख्याने हत्यार आधी आपल्या हाती घ्यायचे असते. गेनसाईने घेतले आणि तोलून पाहिले. रंगमंचावरची तलवार बांबूची असते, वर रुपेरी वर्ख. ही लोखंडाची होती. त्याने मासाझुमीकडे पाहिले. मुखवटा हलला नाही, पण त्याखालची हनुवटी थरथरत होती. शिपाई पडद्याशी उभा राहिला, हात मुठीवर ठेवून.

म्हातारा सारे समजला. सायोच्या जिवाच्या बदल्यात मासाझुमीने धन्यांवर हे पाते चालवायचे होते. धनी मेले की तह मोडणार, गोंधळात दरवाजे उघडणार आणि तोनोमुरा शत्रूच्या कृपेने गढीचा मालक होणार. ओरडावे तर सायोचा जीव जाणार आणि मासाझुमीचे शिर धडावर राहणार नाही. गप्प बसावे तर धनी जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. ढोलकऱ्यांनी हाक दिली, पडदा उचलला गेला, आणि गेनसाई खाली मान घालून मागच्या जागी जाऊन बसला.

योद्ध्याचे भूत रंगमंचावर आले. मुखवट्याच्या डोळ्यांची भोके वाटाण्याएवढी. त्यातून नटाला दिसतो तो समोरचा एक खांब, आणि बाकीचे सारे तो पावले मोजून ओळखतो. शेवटच्या लढाईच्या नृत्यात भुताने तलवार उपसून खांबापासून सात पावले पुढे यायचे आणि वळायचे, हे गेनसाईनेच त्याला शिकवले होते. तो मोजू लागला. पाच. सहा. सात.

मासाझुमी वळला नाही. त्याने धन्यांच्या दिशेने आठवे पाऊल उचलले.

गेनसाई उठला. बाही सावरायला पाठराखा उठतोच, त्यामुळे पहारेकऱ्यांनी मानही वळवली नाही. बारा वर्षांत त्याच्या हातच्या गाठीने कधी दगा दिला नव्हता; नटाचा मुखवटा भर प्रयोगात घसरणे याहून मोठे पातक त्यांच्या घराण्यात नव्हते. त्याने दोन बोटांनी ती गाठ सोडली. मुखवटा बोटभर खाली आला, डोळ्यांची भोके गालांवर गेली आणि मासाझुमी आंधळा झाला. पाऊल अधांतरी राहिले. गेनसाईने त्याच्या हातून तलवार काढून घेतली आणि त्याला हलकेच खाली बसवले. मागे बसलेल्या दुसऱ्या सहायकाने मासाझुमीला बाजूच्या छोट्या दारातून आत नेले.

नट कोसळला होता. रिवाजाप्रमाणे पाठराख्याने नाटक पुढे चालवले. उघड्या चेहऱ्याने, सुरकुतल्या हातात नंगी तलवार घेऊन, धन्यांपासून दोन हातांवर तो नाचू लागला. पायऱ्यांच्या डावीकडे तोनोमुरा ताठ बसला होता. त्याच्या डोळ्यांत अजून आशा होती.

तेव्हा गेनसाईने संहितेत नसलेली ओळ गायली.

“तीन देवदारांच्या दारी सात वर्षांचे लेकरू ओलीस आहे. ते सुटल्यावाचून हे पाते शांत होणार नाही.”

नोहचे गाणे इतके लांबवलेले आणि घशातले असते, की ज्याने संहिता पाठ केली नाही त्याला त्यातला शब्द सुटा कळत नाही. तोनोमुराला नेहमीचे कण्हणेच ऐकू आले. पण नागाहिसा तीस वर्षे गेनसाईकडेच गाणे शिकले होते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. त्यांच्या हातचा पंखा तेवढा खाली पडला. तो उचलून द्यायला अंगरक्षक वाकला, आणि त्याच्या कानाशी धन्यांचे ओठ क्षणभर हलले. तीन देवदार गढीत एकाच दारी होते, कारभाऱ्यांच्या.

गेनसाईने नृत्य लांबवले. गायकांनी एकमेकांकडे पाहिले, पण ते त्याच्यामागून गात राहिले. तो फेऱ्यामागून फेरा घेत होता. अखेर चौकाच्या दारात अंगरक्षक दिसला आणि त्याच्या खांद्यावर झोपाळू डोळ्यांची सायो. गेनसाईने तलवार पायरीवर ठेवली, मूठ धन्यांकडे करून, आणि त्याने शेवटचे वंदन केले. तोनोमुराचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला कुणी धरले तेही वकिलांना कळले नाही. गढीतला साथीदारच गेल्यावर त्यांनीही मुकाट मोहोर उमटवली.

दुपारी नागाहिसांनी विचारले, “रंगमंचावर पाते कुणी आणले?”

“हुजूर, भुताने आणले. मुखवट्याखाली माणूस नसतो. गाठ मात्र माझ्या हातची सुटली, तो गुन्हा माझा.”

धनी म्हणाले, “भुताला आम्ही शिक्षा करीत नाही. पण त्याने आमच्या गढीत राहू नये.”

संध्याकाळी मासाझुमी सायोला पाठीशी बांधून दरवाज्याशी आला. गेनसाई पोचवायला गेला होता. मासाझुमीने जमिनीला कपाळ टेकले.

“गुरुजी, त्या आठव्या पावलावर मी तलवार टाकून देणार होतो. तुम्ही थांबला असतात तर कळले असते.”

“असेल बाळा,” गेनसाई म्हणाला.

त्यानंतर गेनसाईने कुणाच्या मुखवट्याची गाठ बांधली नाही. पण पहाटे, मंडप रिकामा असताना, तो त्या खांबाशी जाई, सात पावले मोजी आणि आठवे उचलून उभा राही. हे पाऊल मारायला निघालेल्याचे की तलवार टाकून द्यायला निघालेल्याचे, ते पावलाला तरी ठाऊक असेल असे त्याला वाटे. सहा वर्षे तो रोज असा उभा राहिला, आणि रोज पाऊल मागे घेऊन घरी गेला.