निम्म्या किमतीचं कार्ड

"हा घ्या पुरावा," असं म्हणत तिनं पिशवीतून एक वस्तू काढली आणि वहिनींच्या टेबलावर आपटली.

भावजींना आधी वाटलं, कोणीतरी विटेला पंखे बसवलेत. संगणकात बसवायचं भारीतलं ग्राफिक्स कार्ड ते आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. तीन पंखे, हातभर लांबी, आणि कडेला विजेची वायर खुपसायची तिथं वितळून काळं पडलेलं प्लास्टिक.

वहिनी म्हणजे भावजींच्या दिवंगत थोरल्या भावाची बायको. विमा कंपनीसाठी जळका माल तपासण्यात त्यांची हयात गेली होती. आता त्याच नजरेच्या जोरावर त्या खासगी चौकशीची कामं घेत. भावजी त्यांची बॅग धरत आणि निष्कर्षावर त्यांच्या आधी पोचत. तो निष्कर्ष बहुधा चुकीचा निघे, पण त्यांचा उत्साह कधी कमी झाला नाही.

आलेली बाई चित्रपटांची संकलक होती. चाळिशीची, जागरणानं डोळे सुजलेली.

"दुकानदार माझा शाळेतला मित्र. सगळे त्याला बटण म्हणतात. हे कार्ड त्यानं मला निम्म्या किमतीत दिलं. 'नवंच आहे, डोळे मिटून घे' म्हणाला. मी मिटले, आणि त्यानं कुणीतरी पिळून काढलेला माल माझ्या गळ्यात मारला. ऐन कामात जळालं. माझा पहिला मोठा सिनेमा दुसऱ्याकडे गेला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"त्याच्या दुकानाचा फोटो टाकून सगळीकडे लिहिलं. गावभर झालं. आता दावा लावायचाय. तुम्ही फक्त त्याची लबाडी सिद्ध करून द्या."

"तो काय म्हणतो?"

"घरी आला तेव्हा आधी तावातावानं भांडत होता. मग टेबलाखाली वाकला, संगणकाच्या कॅबिनेटच्या दारावरून, स्क्रूंवरून बोट फिरवलं, आणि त्याचा आवाजच गेला. 'चूक माझी, पैसे परत घे' म्हणाला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!"

भावजींनी जोरात मान डोलावली. त्यांच्या लेखी खटला इथंच निकालात निघाला होता. वहिनी मात्र भिंगातून जळका भाग बघत होत्या.

"भावजी, पिनांच्या दोन ओळी आहेत बघा. वरचीचा कोळसा झालाय. खालची कोरी करकरीत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे घर बघायला हवं."

घर तिच्या वडिलांचं होतं. वडील सुतार, हात थरथरायला लागले तेव्हापासून बाहेरची कामं बंद. पण घरातलं एकही कपाट करकरत नव्हतं. बोटानं ढकललं की दार मऊ आवाज करून बसायचं. भावजींनी उगाचच तीन कपाटं उघडून लावून पाहिली.

"चटक लागते ना?" म्हातारे खूश झाले. "बिजागरीचे स्क्रू बघा. सगळ्यांच्या खाचा उभ्या. आडव्या खाचेत धूळ साठते. आमच्या धंद्यात आता कोणी एवढं बघत नाही. चिमणी, पाहुण्यांना पाणी दे."

चाळिशीची चिमणी मुकाट्यानं पाणी आणायला गेली.

संगणक तिच्या टेबलाखाली होता. भावजी कॅबिनेटचं दार काढायला वाकले, तर वहिनींनी त्यांना थांबवलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून बराच वेळ पाहिलं. चार स्क्रू, चारींच्या खाचा सरळ उभ्या. हल्ली कारखान्यातसुद्धा किती नीटनेटकं काम होतं, असं भावजींच्या मनात आलं. दार ओढून काढावं लागलं. त्याच्या कडेनं हिरव्या फेल्टची पट्टी चिकटवलेली होती, आणि आतल्या बाजूला रंग घासून एक काळपट रेघ उमटली होती.

जावई दारातच उभे होते. "मी आधीच म्हणालो होतो, स्वस्तातलं घेऊ नकोस. पण या घरात घरजावयाचं ऐकतो कोण?"

"तुम्ही यावर खेळता?" वहिनींनी विचारलं.

जावयांचे कान लाल झाले. "कधीतरी. ती झोपली की."

"त्यानंच ताण पडला असणार!" भावजी म्हणाले.

"असला ताण सोसण्यासाठीच ते बनवलंय, भावजी. आवाज कसा होता हो त्याचा?"

"सुरुवातीला? विमान उडाल्यासारखा. घरात कोणाला झोप नव्हती. मग एक दिवस आपोआप कमी झाला."

"मला वाटलं, रुळलं असेल," चिमणी म्हणाली.

"बसवलं कोणी?"

"बटणनंच. बसवताना काहीबाही सांगत होता. मी दिग्दर्शकाशी फोनवर बोलत होते, नुसती मान हलवली."

वहिनींनी म्हाताऱ्यांकडे पाहिलं, पण त्यांना काहीच विचारलं नाही. भावजींना ते चमत्कारिक वाटलं.

दुकान अर्धं रिकामं झालं होतं. बटण खोकी भरत होता. अंगानं बारीक, वागायला मऊ माणूस. पण भावजी आज मऊपणाला भुलणार नव्हते.

"नवं कार्ड निम्म्या किमतीत? हे कोणाला पटेल?"

"नवीन मॉडेल आलं की आधीचं उतरतं," बटण म्हणाला. "त्यात हे एवढं मोठं, की आधीच्या गिऱ्हाइकाच्या कॅबिनेटमध्ये मावेना. दुसऱ्या दिवशी परत आलं. खोकं एकदा उघडलं की आत सोनं असलं तरी किंमत जाते."

"घेण्यासारखं होतं?" वहिनींनी विचारलं.

"सख्ख्या बहिणीला दिलं असतं."

"मग चूक तुमची कशी?"

बटणनं चिकटपट्टी ओढली, दातानं तोडली. "माझीच. तसं लिहून घ्या."

"बघा! चोर स्वतःच सांगतोय!" भावजी म्हणाले. ते ऐकूनही बटण खोकंच भरत राहिला.

वहिनी तेवढ्यात काउंटरवरून हात फिरवत होत्या. खण बोटानं सरकत होते. बिजागरीपाशी त्यांचं बोट थांबलं.

"छान काउंटर आहे. कोणी केलं?"

"जुनं आहे," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी चिमणीला आणि जावयांना दुकानातच बोलावलं. "वडिलांना आणू नका," असं दोनदा बजावलं.

"कार्ड वापरलेलं नव्हतं," त्यांनी काउंटरवर कार्ड ठेवत सुरुवात केली. "पिळून काढलेलं असतं तर पंख्यांच्या मागं धूळ थापलेली दिसली असती, पंखे ढिले झाले असते. यातलं काही नाही. जळाली ती पिनांची एकच ओळ. म्हणजे वायर एका बाजूला वाकली, प्लग तिरका झाला, वरच्या पिना नीट टेकेनात. अशी अर्धवट टेकलेली पिन तापते. मी असे कितीतरी प्लग पाहिलेत."

"वायर वाकवली कशानं?" जावयांनी विचारलं.

"दारानं. आतली काळी रेघ म्हणजे वायर दाबल्याची खूण. कार्ड त्या कॅबिनेटला मोठं होतं. दार लागायलाच नको होतं. आणि आवाज कमी झाला तो कार्ड रुळलं म्हणून नाही. त्या दिवशी दार लागलं म्हणून."

बटण खाली बघत म्हणाला, "मी दार काढून बाजूला ठेवलं होतं. मोठं कॅबिनेट येईपर्यंत लावू नकोस, असं तिला सांगितलंही होतं."

चिमणीचा चेहरा उतरला. "मी फोनवर होते."

त्याच वेळी दारात सावली पडली. सुतारकाका हत्यारांची पिशवी घेऊन आत आले. "दुकान बंद करतोयस असं कळलं, बटण. काउंटर मी बसवलंय. ते दुसऱ्याच्या हातून मोडायला नको."

वहिनींनी घाईनं कार्ड उचललं. "झालं आमचं. दुकानदाराचा काही दोष नाही. एवढं पुरे."

पण भावजींना पुरेसं झालं नव्हतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे ते. "पण वहिनी," त्यांनी विचारलं, "मग ते दार लावलं कोणी?"

उत्तर दिलं ते म्हाताऱ्यांनी.

"चिमणीच्या संगणकाच्या पेटीचं? मी लावलं. बसतच नव्हतं नीट. फेल्टची पट्टी लावून, दाबून बसवलं. त्या आवाजानं पोरीला झोप नव्हती." त्यांनी एकेकाचा चेहरा पाहिला. "का?"

वहिनींच्या हातातलं कार्ड त्यांना दिसलं. त्यांनी ते घेतलं आणि थरथरतं बोट जळक्या भागावर ठेवलं. त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. भावजींना जीभ चावून टाकावीशी वाटली.

"तुला कळलं होतं?" चिमणीनं बटणला विचारलं.

"उभ्या खाचा या गावात आणखी कोण ठेवतं? हे काउंटर करताना काकांना मोजपट्टी मीच धरून देत होतो."

"मग बोलला का नाहीस? मी तुला जगासमोर चोर म्हटलं!"

"वाटलं, चार दिवसांत विरेल. नाही विरलं. आणि तुझा सिनेमा काकांच्या हातून गेला, हे त्यांना मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?"

चिमणी रडत होती. "मी आत्ता काढून टाकते ते लिहिलेलं."

"टाक. पण जागेचा करार काल झाला. इथे आता चपलांचं दुकान येतंय."

म्हातारे काउंटरशी गुडघ्यांवर बसले. पेचकस खाचेत बसेना. बटणनं खाली बसून त्यांचं मनगट धरलं, आणि दोघांनी मिळून पहिला स्क्रू काढला. भावजी पुढे झाले. "मी काल तुम्हाला..."

"राहू द्या हो," बटण म्हणाला.

दुसरा स्क्रू निघाला, तिसरा निघाला. मग म्हातारे थांबले.

"बटण, कार्ड चांगलं होतं ना रे?"

"एकदम चांगलं, काका."

"दारही चांगलं बसलं होतं रे," म्हातारे म्हणाले, आणि चौथ्या स्क्रूकडे वळले.