नाल्याच्या वळणावर वाजलेला ब्रेक

खाटा जरा जवळ ओढा रे पोरांनो, आणि तो मोबाईल पालथा ठेव. घाबरवायला सांगत नाही. यात घाबरण्यासारखं थोडं आहे, रडण्यासारखंच जास्त. प्रफुल मिस्त्री माझ्या साडभावाचा मुलगा, चंद्रपूरकडच्या मूल गावात त्याचं गॅरेज आहे. त्यानं मला सांगितलं तसं सांगतो.

गेल्या वर्षीची वैशाखातली अवस. सकाळी मिथुन नावाचा पोरगा पांढरी कार घेऊन गॅरेजात आला. कार मूळची त्याच्या थोरल्या भावाची, चैतूची. चैतू मूल-गडचिरोली भाडं मारायचा. त्याआधीच्या दिवाळीत रात्री घरी परतताना जंगलातल्या नाल्याच्या वळणावर इंजिन तापलं, म्हणून कॅन घेऊन तो पाणी आणायला खाली उतरला. वर आलाच नाही. वाघानं नेला. सकाळी लोकांना गाडी दिसली, दिवे चालू, दार उघडं. चैतूचं सापडलं ते थोडंच, तेवढंच जाळलं. त्याच्या आईला, सुगंधाबाईला, पोराचं तोंडही पाहायला मिळालं नाही. कॅन तर कुठंच सापडली नाही.

तेव्हापासून त्या वळणावर रात्री कोणी थांबत नाही. हॉर्न द्यायचा आणि गाडी दामटायची. मिथुनही तेच करायचा, सख्खा भाऊ असून. भीतीपुढे कोणाचं काय चालतं!

"भाऊ, ब्रेक लई चिरकते," मिथुन म्हणाला.

"कुठी चिरकते?"

"नाल्याच्या वळनावर, अन् घरच्या फाटकात."

"ब्रेकले जागा समजते का बे?" प्रफुल हसला.

मिथुन हसला नाही. "चैतूच्या हातातबी गाडी असीच चिरके. तो आवाज आयकला का माय पान्याचा गडवा घेऊन फाटकात येते. चैतूले पाय धुवाले. मंग मले पाह्यते. गडवा माह्या हातात देते अन् मुकाट्यानं आत जाते. जेवत नाई. रोज रातच्याले तिचा पोरगा नव्यानं मरते, भाऊ. हा आवाज बंद करून दे."

प्रफुलचं हसू तिथंच विरलं. त्यानं जॅक लावला, चाकं काढली. पॅड पार झिजले होते. पॅड संपत आला की त्यावरची लोखंडी पट्टी डिस्कला घासते आणि किंचाळते. ती लावलेलीच असते त्यासाठी. म्हणजे रोग साधा होता. नवे पॅड चंद्रपूरहून येईपर्यंत अंधार पडला. त्यानं ते बसवले, डिस्क घासूनपुसून साफ केली आणि स्टँडापर्यंत चक्कर मारून आला. हळू दाबला, करकचून दाबला. गाडी अशी गप्प थांबली की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मिथुन गाडी ठेवून बसनं गावी गेला होता, आणि सकाळी त्याला लग्नाचं भाडं होतं. तेव्हा प्रफुल जेवला आणि जंगलापलीकडच्या त्याच्या गावी गाडी पोचवायला स्वतःच निघाला. रस्ता मोकळा. मोहाच्या झाडांखाली काळोख साचलेला. वळण आलं, तसा त्यानं ब्रेकवर हलकेच पाय ठेवला.

गाडी किंचाळली.

आपल्या हातानं बसवलेले नवेकोरे पॅड! दुसरा कोणी असता तर हॉर्न मारून पळाला असता. पण मिस्त्रीची खोड अशी की आवाज आला की थांबायचं. बिघडलेली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती कशी द्यायची? उद्या तिच्यात वऱ्हाडी बसणार होते. त्यानं गाडी कडेला घेतली. मोबाईलचा टॉर्च लावून उतरला. चाकाला हात लावला. गरम नाही. खाली नाला ठणठणीत कोरडा, नुसते पांढरे गोटे.

रातकिडे बंद झाले.

मग... मागचं दार लागल्याचा आवाज आला. हळूच. गाडी मागून थोडी खाली बसली. माणूस बसल्यावर बसते, तेवढीच.

प्रफुल तसाच उकिडवा. "काका," तो मला म्हणाला, "टॉर्च हातात होता. मागच्या काचीवर माराची हिंमत नाई झाली."

तीन बाजूंना जंगल. समोर गाडी. तो गाडीत जाऊन बसला. आत गारवा होता... वैशाखात. आणि ओल्या मातीचा वास.

मागचं दिसू नये म्हणून त्यानं आरसा वर फिरवला. कसं सुचलं कोण जाणे, पण तो बोलला, "चैतूभाऊ... घरीच चाललो आपन."

आणि गिअर टाकला.

त्यानं गाडी हळू चालवली. आजाऱ्याला नेतात तशी.

फाटकात ब्रेक दाबला. आवाज नाही. जरासुद्धा नाही. तरी सुगंधाबाई गडवा घेऊन उभी होती.

"बाई... तुमाले कसं समजलं? ब्रेक तं वाजला नाई."

"आता काऊन वाजन? घरी आला न तो."

ती प्रफुलकडे पाहतही नव्हती. तिनं मागचं दार उघडलं. दार धरून उभी राहिली... एखाद्याला उतरायला लागतो तेवढा वेळ. मग वाकली आणि गडव्यातलं पाणी दारापुढच्या मातीवर ओतलं. सावकाश. आधी एका पायावर. मग दुसऱ्या.

"लई उशीर केला रे बाबा," ती म्हणाली. "चाल. जेवून घे."

आणि आत गेली. त्या रात्री म्हातारी जेवली. पुन्हा कधी गडवा घेऊन फाटकात आली नाही. मिथुन मात्र पायरीवर बसून लहान पोरासारखा रडत होता. "मी रोज तेथूनच जाओ, भाऊ," एवढंच म्हणत होता. "रोज. एक दिवस थांबलो नाई."

मग तो उठला, दार लावायला गेला आणि तिथंच थबकला.

मागच्या सीटवर कॅन होती. चैतूनं ओळखीसाठी लाल रंगाची फुली मारली होती, तीच. बाहेरून ओली, बुडाला रेती चिकटलेली. गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेली. थंडगार.

त्या नाल्यात, पोरांनो, होळीपासून पाण्याचा थेंब नव्हता.