पाळीवरचे बूट

भुऱ्या एकटाच घरी आला. गळ्यात दोरी लोंबत होती, शेपूट पोटाखाली, सगळं अंग लटलट कापत होतं.

रिंकीने त्याच्यामागे वाटेकडे पाहिलं, कुणीच नव्हतं. बाबूजी रोज पहाटे त्याला तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, फिरवायला नेत. कुत्रा परतला, मग बाबूजी कुठे?

तासाभरात तिचे बाबूजी तेजराम सापडले. चोरखमारा तलावाच्या उंच पाळीखाली, दगडांना अडकून, पाण्यात पालथे.

"म्या दुरून पाहलो," गुणवंता काकाजी रडत होते. तेजरामचे सख्खे धाकटे भाऊ. "भुऱ्यानं दोरी ओढलन, अन् दादा खाली गेला गा!"

"मंग ओरडले काऊन नाई?" जमादार उमेंद्र यांनी विचारलं.

"बोबडीच वळली, साहेब."

बाहेर काढलेल्या बापाकडे रिंकीने पाहिलं आणि तिची नजर त्याच्या पायांवर थांबली. पायांत बूट होते. नाड्या बांधलेले, चिखलाने भरलेले.

पाळीच्या तोंडाशी गावदेव आहे. लहान असो, थोर असो, पायताण तिथे काढूनच माणूस पाळीवर चढतो. आत्ताही तिथे चपलांचा ढीग होता, काकाजींच्याही त्यातच. आणि पाळ तर कोरड्या मुरमाची, चिखल आला कुठून?

माय वो! मनात आलं ते तिला जिभेवर आणवेना. चुकलं तर बापामागे उरलेल्या एकुलत्या काकावर आळ. खरं निघालं तर त्याहून वाईट.

"साहेब, भुऱ्याले घेऊन पाळीवर जाऊ," ती म्हणाली. "काकाजी, तुमीबी चला."

भुऱ्या पाळीवरून निमूट चालला. मालक जिथून पडला म्हणे, तिथे त्याने साधा वासही घेतला नाही. पण वाट उतरून धानाच्या बांध्यांकडे, शेतांकडे, वळली, तसा तो मटकन बसला आणि कण्हू लागला. समोर काकाजींचा धुरा, शेताचा बांध होता. गवतात नव्या खुंट्या ठोकलेल्या दिसत होत्या.

"भुऱ्या कायले भेऊन राहिला, काकाजी?"

"कुत्रंच तं हाय. चल मांगं."

"इकडून घर जवळ पडते."

"नोको पोरी, चिखल हाय."

 तरी रिंकीने धुऱ्याकडे पाऊल उचललं.

"थांब! पाय नोको ठेवू! करंट हाय!"

काकाजींनी झेप घेऊन तिला मागे ओढलं. मग त्यांनाच कळलं आपण काय बोललो ते. उमेंद्र धावतच विहिरीवर गेले आणि त्यांनी मोटारीच्या पेटीतला फ्यूज उपटला.

"रानडुकरांसाठी तार लावली तुमी." रिंकी म्हणाली. "बाबूजी आज धुऱ्यानं आले. पाळीवर चढलेच नाई, म्हणून बूट पायातच. तार त्यायले लागली, भुऱ्यालेबी झटका बसला. पाण्यात टाकायले तुमी त्यायले खांद्यावर घेतले. देवापाशी सवयीनं आपल्या चपला काढल्या, पण बाबूजीचे बूट काही ध्यानात आले नाई. मंग लोक जमले, अन् करंट तसाच राहिला."

काकाजी मातीत बसले. 

ठाण्यातही त्यांचं एकच पालुपद. "म्या मारलो नाई, पोरी. दादाचा जीव तारेवरच गेला होता. जेल होईल म्हणून भेलो."

संध्याकाळी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. उमेंद्र यांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि ते काकाजींकडे वळले.

"फुफ्फुसात पाणी सापडलं," ते म्हणाले. "पाण्यात टाकलं तवा तेजराम जित्ते होते."

 रिंकीला रडू फुटलं नाही. तिने फक्त विचारलं,

"दवाखाना का लय दूर होता, काकाजी?"