न हलवलेली फिंजान

मार्चमधला शुक्रवार होता. त्या दिवसांत मस्कतमध्ये जो उठतो तो पाठीला पिशवी लावून डोंगराकडे पळतो, कारण एकदा ऊन तापलं की घराबाहेर पाऊल टाकायची सोय राहत नाही. मला निमित्तही होतं. डोंगरातल्या आमच्या ओसाड गावात बाबांचं घर आहे. त्याचं दार शाबूत आहे की शेळ्यांनी खाल्लं, एवढं बघून यायचं होतं. सोबत माझा धाकटा चुलतभाऊ मुहन्ना होता.

खरं तर तिथे बाबांना घेऊन जायचं होतं. आदल्या उन्हाळ्यात ते सारखे म्हणत, "जाहिर, एकदा मला घरी नेऊन आण रे." मी म्हणायचो, "थंडी पडू दे, बाबा." थंडी पडली, पण ती बघायला बाबा राहिले नाहीत. ही हळहळ माझ्या मनातून जात नाही.

कोरड्या नदीच्या पात्रात गाडी लावून आम्ही चढायला लागलो. मुहन्नाची धाप पहिल्याच वळणावर ऐकू यायला लागली.

"दादा, तुझ्या पूर्वजांना सपाट जागा मिळाली नव्हती का?"

"तुझेही तेच पूर्वज, गाढवा. आणि ते रोज शुवाचं मटण हादडत नव्हते."

"हादडायला होतं कुठे? म्हणून तर गाव सोडून पळाले!"

हसत, धापा टाकत वर पोहोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. वारा पूर्ण पडला होता. खडकांतून वाफ निघावी तशी हवा थरथरत होती आणि पडक्या भिंतींमध्ये एक माशीसुद्धा गुणगुणत नव्हती. त्या शांततेत खलबत्त्याचा आवाज आला. दोन ठोके, मग खलाच्या काठावर एक टिचकी. पुन्हा दोन ठोके, पुन्हा टिचकी.

"कुणी गुराखी असेल," मुहन्ना खुशीत म्हणाला. "कॉफी कुटतोय. चल, बोलावणंच आहे."

आमच्याकडे कॉफी कुटण्याचा आवाज म्हणजे बोलावणंच असतं. पण मी जागीच थांबलो. काठावर टिचकी मारायची खोड मी एकाच माणसाची पाहिली होती.

बाबांच्या घराचं दार शाबूत होतं, आणि उघडं होतं. आतून वेलदोड्याचा वास येत होता. एवढ्या उन्हातून आत शिरल्यावर डोळ्यांपुढे नुसता काळोख आला. "सलाम अलैकुम," मी म्हणालो. उत्तर आलं नाही. पायांना चटई लागली. आम्ही बसलो.

दारातून उजेडाचा एक पट्टा जमिनीवर पडला होता. त्या पट्ट्यात खजुराची थाळी होती. मग काळोखातून एक हात पुढे आला. हातात पितळी किटली होती. दोन फिंजानींत, बिनकानाच्या चिमुकल्या कपांत, त्या हाताने घोटभर घोटभर कॉफी ओतली आणि एकेक करून आमच्यापुढे धरली. बाही वर सरकली. मनगटावर भाजल्याचा डाग होता, खजुराच्या बीएवढा. मी लहान असताना माझ्या धक्क्याने किटली बाबांच्या हातावर कलंडली होती, तेव्हाचा तो डाग.

"दादा..." मुहन्ना कुजबुजला. "याचा चेहरा... का दिसत नाहीये?"

"गप्प बस. पी."

मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण त्याहून मोठी होती ती आशा. आमच्यात आधी कॉफी होते, मग यजमान खुशाली विचारतो. बाबा विचारतील. विचारलं की मी सांगेन, बाबा, माझं चुकलं, मी तुम्हाला आणायला हवं होतं. मी पहिली फिंजान प्यायलो. दुसरी प्यायलो. तिसरी संपली, आणि माझ्या हाताने जन्मभराच्या सवयीने फिंजान डावीकडे उजवीकडे हलवली.

बस झालं, आता नको, असा त्याचा अर्थ. बाबांनीच शिकवलं होतं, तिसरीनंतर हलवायची, हावरटासारखं पीत बसू नये.

हात किटलीसकट काळोखात मागे गेला.

"नाही, बाबा... थांबा... मला अजून हवीय..."

त्याच क्षणी मुहन्ना भरलेली फिंजान खाली टेकवून दाराबाहेर पळाला. माझे डोळे सरावले तेव्हा खोली रिकामी होती. चटई नाही, थाळी नाही, जमिनीवर लेंड्या आणि धूळ. फक्त मुहन्नाची फिंजान तिथेच होती, वाफाळती.

रीतीप्रमाणे वागलो मी, आणि माझं दार बंद झालं. रीत मोडून, फिंजान न हलवता पळाला तो, आणि त्याचं उघडंच राहिलं.

मे महिन्यात मुहन्नाच्या बायकोचा, नस्राचा फोन आला. "भाऊजी, जरा येऊन जा हो. यांना समजावा."

मुहन्ना मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या खोलीत बसला होता. अंग झडलं होतं, डोळे खोल गेले होते. समोर फिंजान होती. त्याने ती संपवली, हलवली, टेकवली. मी बघता बघता ती तळापासून भरत आली.

"रात्रंदिवस हेच," तो म्हणाला. "कितीही हलव, उपयोग नाही. हलवायची आहे ती वर, गावातल्या घरात राहिलीय. मला घेऊन चल, दादा. तिथे जाऊन नको म्हणतो... आणि सुटतो."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, मला पटलंही. पण ती फिंजान हलली की बाबा कायमचे जाणार, हेही मला तितकंच कळत होतं. मी माझ्यापुढची रिकामी फिंजान त्याच्या फिंजानीशेजारी ठेवून वाट पाहिली. माझी कोरडीच राहिली.

"दादा, येत्या शुक्रवारी?"

बाहेर दगड फुटेल असं ऊन होतं. मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "थंडी पडू दे, मुहन्ना."

आत नस्राने हुंदका दिला. मुहन्नाने मान खाली घातली. मग त्याने घरातली किटली उचलली आणि माझ्या फिंजानीवर धरली. त्याची बाही वर सरकली.

मनगटावर भाजल्याचा डाग होता, खजुराच्या बीएवढा.

"घे रे, जाहिर," तो म्हणाला. मुहन्नाने मला आयुष्यात कधी नावाने हाक मारली नव्हती.

मी प्यायलो. त्याने पुन्हा ओतली, मी पुन्हा प्यायलो. तिसरी संपली तेव्हा नस्रा दारात येऊन उभी राहिली होती आणि माझ्या हाताकडे बघत होती.

मी फिंजान हलवली नाही.