लाखेच्या किड्याचा सोबती

उष्मपेटीतून काढलेली कुपी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून डॉ. मृणाल खानविलकर बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी सहकाऱ्याला हाक मारली, "इम्रान, जीवाणू जिवंत आहेत!"

गडचिरोलीच्या जंगलात लाखेचे किडे दर उन्हाळ्यात मरत होते. ऊन किड्याला मारत नाही, त्याच्या पेशींत राहणाऱ्या सहजीवी जीवाणूला मारतं, हे मृणालताईंनीच शोधलं होतं. झाडाच्या रसात नसलेलं पोषण हा जीवाणू पुरवतो. तो गेला की किडा खंगून मरतो. पेशीबाहेर काढला, तर जीवाणूही जगत नाही. लाखेच्या किड्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढेनात, म्हणून ताईंनी जीवाणूला सहज वाढणाऱ्या डासाच्या पेशींत बिऱ्हाड करून दिलं आणि वर्षानुवर्षं तापमान थोडंथोडं चढवत नेलं. असंख्य कुप्या वाया गेल्या. ही तगली.

ते जीवाणू टोचलेले किडे भर उन्हात लाख बनवू लागले. लाख गोळा करणाऱ्या बायकांच्या संस्थेच्या प्रमुख कुंदाबाई कुमरे लाखेने भरलेली डहाळी पाहून हरखल्या. "मग यंदा जंगलात सोडायचे ना, मॅडम?"

"एक परीक्षा राहिलीय."

"आता कसली?" इम्रानने विचारलं.

"डासांची. लाखेचे किडे गोड रस टाकतात, डास तो पितात. आणि आपला जीवाणू डासाच्या पेशींत राहायला शिकलाय."

"पण बाहेर पडला की तो मरतो."

"पूर्वीचा मरायचा. हा चिवट आहे."

पिंजऱ्यात लाखेची डहाळी ठेवून डास सोडले. त्यांनी रस प्यायला, काही दिवस गेले, मग उष्मा वाढवला. नेहमीचे डास त्यात तासाभरात मरत. हे उडत राहिले; पेशींत शिरलेला जीवाणू त्यांनाही उष्मा सोसायला मदत करत होता.

इम्रान खुर्चीत बसला. "ही परीक्षा आपल्याला कुणी सांगितली नव्हती, ताई."

"पुढच्या उन्हाळ्यात हिवतापाने सांगितली असती."

ताईंनी सगळ्या कुप्या, किडे आणि ते डास स्वतःच्या हाताने वाफेच्या भट्टीत ठेवले. झाकण लावताना त्यांचा हात क्षणभर थबकला. इम्रानने पुढे होऊन त्यांच्याबरोबर ते दाबलं. आयुष्यभराच्या कामाला अशी मूठमाती देणारं माणूस त्याने पाहिलं नव्हतं.

कुंदाबाईंना ताईंनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं.

"आता लाखेच्या किड्याच्याच पेशी वाढवायच्या म्हणता?" कुंदाबाईंनी विचारलं.

"हो. जमेल की नाही, माहीत नाही."

"जिवंत किडे लागतील ना?" कुंदाबाईंनी कोयता उचलला. "चला, कुसुमाच्या एका झाडावर किडे अजून तगून आहेत."